एसटीच्या पाटीवरून उचललेलं आडनाव

अप्पा, मी आपलं आडनाव परत घेते आहे. आधी हेच सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला खपत नसे. गिऱ्हाईक कोयता हातात धरून पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसलं की तुम्ही म्हणायचात, "धार लावायची का दांडा बसवायचा, तेवढं बोला." तर तेवढं बोलले. आता बाकीचं.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी अजून सिंगापुरातच आहे. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, एका टेबलाशी बसले आहे, रविवारची सकाळ आहे, समोर कोपीचा, इथल्या कॉफीचा, कप आहे आणि शेजारच्या टेबलावर दोन चिनी आजोबा वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचताहेत. तुमची नात, बारा वर्षांची, तुम्ही कधी न पाहिलेली, पलीकडच्या ब्लॉकमध्ये गणिताच्या क्लासला गेली आहे. तिला आणायला दीड तास आहे. घरी बसून हे लिहिता आलं नसतं, कारण घरात गेला पंधरवडा याच विषयावरून धुसफूस चालू आहे. तुमचा जावई म्हणतो, बेचाळिसाव्या वर्षी आडनाव बदलायचं म्हणजे विकतचं दुखणं. त्याचंही अगदीच खोटं नाही. इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, पीआरसाठी, आमची फाइल तयार आहे. पासपोर्ट, पदवी, लग्नाचा दाखला, माझी वेल्डिंगची एकूण एक सर्टिफिकेटं, सगळं मी अठराव्या वर्षी लावून घेतलेल्या त्या दुसऱ्या आडनावाने. आता बदलायचं तर पेपरात जाहिरात द्या, वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र करा, नवा पासपोर्ट घ्या, मग एकेक कागद त्याला जुळवत बसा. पीआरचा अर्ज वर्षभर तरी मागे पडणार. तो पाया लेबार भागातल्या ऑफिसातून दमून येतो आणि त्याला वाटतं, बायकोच्या अंगात काहीतरी संचारलंय. परवा त्याने तोडगा काढला. म्हणाला, अगं, फॉर्ममध्ये चौकट आहेच, यापूर्वीचं नाव म्हणून. तिथे लिही लोहार आणि मोकळी हो. मी म्हणाले, ते यापूर्वीचं नाही, ते खरं आहे. जे मिरवते आहे ते खोटं. हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले असणार, कारण त्याने उठून खिडकी लावून घेतली.

लग्नात मी आडनाव बदललं नव्हतं, हे तुम्हाला माहीत नाही. सासरच्यांना वाटलं मुलगी फार पुढारलेली आहे. कसली पुढारलेली. एकदा बदलून जी चव घेतली होती तेवढी पुरे झाली होती.

हे सगळं सुरू झालं ते एका स्मिथमुळे. मी जुरोंग आयलंडवर कामाला जाते. बेट आहे, सगळं तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. कंपनीची बस नेते, फाटकाशी गळ्यातला पास दाखवायचा. माझं काम जोड तपासायचं. तुम्ही लोखंड जोडायचात, मी दुसऱ्यांनी जोडलेलं धरलंय की नाही ते सांगते, आणि मी हो म्हटल्याशिवाय त्या पाइपातून काही जात नाही. आमचा साहेब इंग्लंडचा, साठीचा, आडनाव स्मिथ. उन्हाने मान कायम लाल, आणि कँटीनचा चहा चहा नसतो म्हणून घरून थर्मास आणणारा. दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या पाइपाला खालून धरणाऱ्या आधाराचा रिपोर्ट माझ्याकडे सहीला आला. कागद सगळे ठीक होते. पण मला त्या लोखंडाचं तोंड आवडलं नाही. मी खिशातली छोटी हातोडी काढून ठोकून पाहिलं. चारपैकी तीन ठिकाणी खणखणीत आणि एका ठिकाणी बद्द. तडकलेल्या माठासारखं. मी सही नाकारली. बरोबरची तरणी इंजिनियर मंडळी एकमेकांकडे बघून हसली, की मशीन असताना बाई ठोकून काय बघतेय. मग मशीन लावलं. आत चीर होती.

दुपारी कँटीनमध्ये स्मिथ माझ्यासमोर येऊन बसला आणि विचारलं की हे कुठे शिकलीस. हा प्रश्न मला पूर्वीही लोकांनी विचारलाय, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, अनुभव. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं की माझे वडील लोहार होते. अप्पा, पंचवीस वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे म्हटलं नव्हतं. इंग्रजीत म्हटलं म्हणून निघालं असेल. त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "माझ्याही पूर्वजांत कुणीतरी असणारच. नावच तेच आहे."

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं म्हणून सांगते. स्मिथ म्हणजे लोहार. अगदी तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. त्यांच्याकडचं हे सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांतलं एक. पुढे बसमध्ये येता-जाता त्याने मला ते हळूहळू सांगितलं, थोडं मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फोनवर वाचलं. पूर्वी त्यांच्याकडेही आडनावं नव्हती. गावात दहा जॉन असले की कारकून वहीत लिहायचा, जॉन लोहार, जॉन दळणारा, टेकाडावरचा जॉन. प्रत्येक गावात एक तरी भट्टी हवीच, नांगर, नाल, खिळे, कुलपं, तलवारी, लोहारावाचून सगळ्यांचंच अडायचं. म्हणून गावोगावी एक लोहार आणि गावोगावी त्याच्या पोरांचं तेच नाव. मग पोराने पाव भाजायला घेतले, नातू पाद्री झाला, पण वहीत पडलेलं नाव पुसलं नाही. स्मिथ पाद्री, स्मिथ पाववाला, स्मिथ न्यायाधीश. तिथून जहाजांत बसून हे नाव अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, कुठे कुठे गेलं. स्कॉटलंड-आयर्लंडात आपापल्या भाषेत लोहार म्हणवणारे इंग्रजी राज्यात स्मिथ झाले. जर्मन लोहार अमेरिकेत उतरले आणि शेजाऱ्यांना जड जाऊ नये म्हणून स्मिथ झाले. गुलाम म्हणून विकलेल्या माणसांना मालकाचं नाव चिकटलं, त्यातलेही कितीतरी स्मिथ. आणि कितीतरी लोकांनी हे नाव नुसतं लपायला घेतलं, कारण गर्दीत स्मिथला कोण शोधतो. साहेब सांगत होता, त्याच्या वर्गात चार स्मिथ होते, मास्तर केसांच्या रंगावरून हाक मारायचे. त्याचे वडील पोस्टमन, आजोबा खाणकामगार. ऐरण त्याने फक्त म्युझियममध्ये पाहिलेली. मी विचारलं, कुणी कधी हसलं का नावाला. त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं. म्हणाला, हसलं म्हणजे? फार साधं आहे म्हणून?

त्या दिवशी बसमध्ये मला असा काही राग आला म्हणून सांगू. त्याच्यावर नाही, तो बिचारा भला माणूस. तीच भट्टी, तोच घण, तीच सांडशी. त्यांच्याकडे धंदा सुटला आणि नाव उरलं, नुसतं नाव, धुतलेल्या कपड्यासारखं, कुणीही घालावं. आपल्याकडे धंदा सुटला तरी नावातून माणसाला बाहेर पडू देत नाहीत. आडनाव विचारतात ते हाक मारायला नाही, पाट कुठे मांडायचा ते ठरवायला. आणि मी काय केलं, तर त्या विचारणाऱ्यांनाच शरण गेले. त्यांना हवं तसलं आडनाव आणून दिलं. म्हणजे राग खरा कुणाचा आला ते तुम्ही समजा.

तुम्हाला आठवण द्यायची गरज नाही, पण मला लिहायचं आहे. आजोबा बैलगाडीवर भट्टी घालून गावोगाव फिरले. तुम्ही तालुक्याच्या बाजारामागे पत्र्याची शेड टाकलीत आणि म्हणालात, आता पोरगी शिकेल, चाकं काढा. आपल्यात घण बाई मारते. पुरुष डाव्या हातात सांडशीने लाल लोखंड धरतो, उजव्या हातात छोटी हातोडी, आणि हातोडी जिथे टकटक करेल तिथे बाईने घण टाकायचा. बोलायचं नाही, भात्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. आईचा घण मी लहानपणी बघत असे, पदर खोचलेला, पाय रोवलेले, आणि घामाने कुंकू नाकापर्यंत आलेलं. ती गेली तेव्हा मी चौदाची होते. तेराव्यानंतर तुम्ही शेड उघडलीत आणि घणाकडे बघत बसलात. मी शाळेचा गणवेश बदलून आले आणि उचलला. तुम्ही नको म्हणाला नाहीत, हो पण म्हणाला नाहीत. हातोडी वाजवलीत, एवढंच.

एकदाच मी चुकले. दहावीचं वर्ष, उद्या भूमितीचा पेपर, आणि कुणाचा तरी फाळ आजच हवा होता. मी डोक्यात राख घालून उभी होते. तुमची हातोडी वाजायच्या आधीच मी घण टाकला. लोखंड सांडशीतून निसटलं आणि तुमच्या मनगटाला चाटून गेलं. चर्र झालं, तो वास आला. तुम्ही ओरडला नाहीत. हौदात हात बुडवून बसलात आणि म्हणालात, "धरणाऱ्याला ठावं नसताना घाव घालायचा न्हाई, पोरी. त्याचा हात आत असतो." एवढंच. मग मला अभ्यासाला घरी पाठवलंत आणि फाळ एकट्याने पुरा केलात, कसा ते मला अजून कळलेलं नाही.

पुण्याला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं. सुतारकाम, फिटिंग आणि एक तिसरं, त्याचं नावच स्मिथी. गोल सळई तापवून चौकोनी करायची. शहरातली पोरं सांडशीला घाबरत होती. मी एका तावात, एकदाच तापवून, करून दिली. निदेशकाने ती फिरवून फिरवून पाहिली आणि आडनाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "लोहार? मग बरोबर. रक्तातच आहे." सगळी शेड हसली. त्या सहामाहीत गणितात मी पहिली आले होते, तेव्हा रक्तात आहे असं कुणी म्हटलं नाही. मग ते सुरूच झालं. मी दिसले की पोरं सौ सुनार की एक लोहार की म्हणायची. ते चाललं असतं. पण खोलीतली एक मुलगी, चांगली मैत्रीण, तिने दिवाळीच्या सुट्टीहून आईची विळी आणली, म्हणाली तुझ्या वडिलांकडून धार लावून आण ना. तिच्या मनात काही नव्हतं. मी आणलीही लावून. तुम्ही तिचे पैसे घेतले नाहीत, मैत्रीण आहे म्हणालात. आणि परत येताना, पिशवीत ती विळी घेऊन, मी एसटी स्टँडवर बसले असताना समोरच्या गाडीची पाटी वाचली.

पिवळी पाटी, काळी अक्षरं, एका गावाचं नाव. त्याच्यापुढे 'कर' लावून मनात म्हणून पाहिलं. भारदस्त वाटलं. देशमुखी वाड्यात शोभेल असं. अप्पा, त्या गावात मी कधी उतरलेले नाही. आपल्या गाडीचं चाकही तिथे कधी गेलं असेल की नाही, देव जाणे. आपल्याला गावच नव्हतं, ज्याला कर लावावा. लोक निदान स्वतःच्या गावाला कर लावतात. मी एसटीच्या पाटीला लावला. अठरा पूर्ण होतीच. वकिलापुढे मूळ गाव म्हणून खुशाल लिहून दिलं, राजपत्रात छापून आलं, कॉलेजने ओळखपत्र बदललं. तुम्हाला सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणत वर्ष गेलं.

खरं सांगू, उपयोग झाला. खोटं बोलण्यात काय अर्थ आहे. पुण्यात खोली बघायला गेले तर मालकीणबाईंनी नाव ऐकलं आणि चहा टाकला. पहिल्या मुलाखतीत साहेब म्हणाले, अरे वा, आमचे व्याही तिकडचेच. मी हसून मान हलवली. इथे गणपतीत मराठी मंडळी जमतात, तिथे कुणीतरी हटकून विचारतं, तिकडच्या म्हणजे अमुकांच्या कोण तुम्ही. म्हणून मी त्या गावची माहिती पाठ केली. नदी कुठली, देऊळ कुणाचं, जत्रा कधी. एका गावाची मी पंचवीस वर्षं खोटी माहेरवाशीण आहे. आणि तुम्ही गेलात तेव्हा शेडची वारसनोंद करायला मी तलाठ्याकडे गेले, तर तो कागद बघून म्हणाला, मयताची मुलगी ही दिसत नाही. बरोबरच होतं त्याचं. आम्ही दोघी एकच आहोत असं मला स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं. त्या दिवशी तरी माझे डोळे उघडायला हवे होते. नाही उघडले. सही केली आणि विमान पकडलं.

मग गेल्या महिन्यात तुमच्या नातीच्या शाळेत प्रोजेक्ट निघालं. आईचं आणि बाबाचं आडनाव कुठून आलं ते वर्गापुढे सांगायचं. बाबाचं पाच मिनिटांत झालं, तिकडे वंशावळ लिहून ठेवलेली आहे. माझं विचारलं तेव्हा मी भाजी चिरत होते. गावावरून, म्हणाले. तिने लगेच फोनवर नकाशा काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "आजोबांचं घर कुठलं? मी पिन टाकते." मी नको म्हणू शकले असते. मी ओल्या हाताने एका छपरावर बोट ठेवलं. कुणाचं छप्पर कोण जाणे. तिने पिन टाकली, त्याचा मोठा प्रिंट काढला, खाली रंगीत पेनने माय ग्रँडफादर्स हाउस असं लिहिलं आणि वर्गापुढे सांगून आली. टीचर म्हणे फार खूश झाल्या. तो प्रिंट तिने तिच्या टेबलावर भिंतीला चिकटवला. चार दिवस मी तिची खोली झाडायला गेले की त्या छपराकडे पाठ करून झाडत होते. माझं मी खोटं बोलले ते बोलले. आता ती पोर प्रामाणिकपणे माझं खोटं सांगत फिरत होती, आणि उद्या तिच्या पोरांना सांगणार होती. पाचव्या दिवशी एमआरटीत तिला सगळं सांगितलं. शेड, घण, पाटी, राजपत्र, सगळं.

ती ऐकून घेते चांगली, तुमच्यासारखी. इथल्या पोरांच्या तऱ्हेने म्हणाली, मग आजोबा स्मिथ होते, सो कूल लाह, मग लपवलंस कशाला? मी म्हणाले, लाज वाटायची. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "आजोबांची?"

मी 'नाही' असं म्हणू शकले नाही. नावाची, लोकांच्या हसण्याची, जातीची, असं काय काय तोंडाशी आलं, पण ती पोर जे विचारत होती त्याला ते उत्तर नव्हतं. घरी आल्यावर तिने प्रिंट काढून टाकला. रडली नाही, चिडलीही नाही, फक्त म्हणाली, टीचरना आता तू सांग. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सांगून आले. आणि तिथून बाहेर पडताना ठरवलं की आता थांबायचं नाही. पीआर पुढच्या वर्षी येईल, नाही तर नाही येणार. मंडळात कुजबुज होईल, होऊ दे, त्यांच्या तोंडाला हात कोण लावणार. स्मिथला सांगितलं की माझ्या सगळ्या रिपोर्टांवर काही महिन्यांनी वेगळी सही येईल. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. त्याने थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला. तुमचा जावई अजून धुसफुसतो आहे, पण काल त्याने फायलीतून राजपत्राचा जुना कागद स्वतः शोधून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा तोही येईल वळणावर. उद्या सोमवार, मी रजा टाकली आहे, सकाळी वकिलातीत अर्ज देणार. कारण विचारलेल्या रकान्यात पंधरवडाभर मला काय लिहावं कळत नव्हतं. शेवटी लिहिलं, वडिलांचं आडनाव.

आता हॉस्टेलचा दिवस. तो टाळून हे पत्र संपवता येणार नाही. मी दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही न कळवता आलात, धोतर-सदरा, डोक्याला पटका, काखेत फडक्यात गुंडाळलेली विळी. माझ्यासाठी घडवली होती, टोकाला खोबरं खवायची चकती, तिचे दाते एकेक कानसलेले. फाटकावरच्या वॉचमनने वही काढली. तुम्ही लोहार सांगितलंत. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, लोहार कुणी नाही इथे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही वहीकडे नुसतं बघत राहिलात. म्हणालात, असंल बघा, माझी पोरगी हाय. मी खाली आले तेव्हा तुम्ही फाटकाबाहेर दगडावर बसला होता. मी वॉचमनला दुसरं आडनाव सांगून सही केली, तुमच्यासमोर. तुम्हाला कळलं. तुम्ही विळी माझ्या हातात दिलीत, जेवलात का विचारलं तर हो म्हणालात, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलात. कोपऱ्यापर्यंत मी बरोबर आले. तिथे थांबून म्हणालात, "नाव तुझं हाय, बदल. पर धरणाऱ्याला सांगितलं न्हाईस, पोरी." मनगटावरचा तो डाग सदऱ्याच्या बाहीतून दिसत होता. पुन्हा तुम्ही हा विषय कधी काढला नाहीत. पुढची सात वर्षं तुम्ही मला लोहार म्हणाला नाहीत आणि त्या दुसऱ्या नावानेही नाही. नुसतं पोरी.

तुम्हाला वाटलं असेल, निरोप मिळाल्यावर मी लगेच खाली आले. तसं नव्हतं. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि वॉचमन काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, सगळं मला ऐकू येत होतं. शेजारी माझ्या खोलीतली ती विळीवाली मैत्रीण उभी होती. तिने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, कोण गं ते? मी म्हणाले, असतील कुणाचे तरी वडील. ती आत जाईपर्यंत मी पिळे झटकत उभी राहिले, आणि मग खाली आले.

क्लास सुटायला दहा मिनिटं आहेत. हे पत्र पाठवायचा प्रश्न नाही. पण तुम्ही असतात आणि पाठवलं असतं, तरी शेडमध्ये बसून तुम्हाला ते वाचून मीच दाखवलं असतं, कारण आपल्या घरी येणारी पत्रं मीच वाचत असे. तेव्हाही मामाच्या पत्रातलं तुम्हाला लागेल असं काही असलं की मी ते सोडून पुढे वाचायची, आणि तुम्हाला कळायचं नाही. आज सगळं वाचलं असतं, अप्पा, पाटीचंसुद्धा, छपराचंसुद्धा. गॅलरीतलं ते एक वाक्य मात्र मी अजूनही गाळलं असतं.